सुक्सी महागली म्हणून तलावात पिंजरे टाकावे का?

पाळीवरचा (अर्जुनी मोरगाव तालुका)

नमस्कार जी मंडळी. आमची मच्छीमार सोसायटी आहे, सभासद 43, सगळे ढिवर. गावचा मालगुजारी तलाव ठेक्यानं आमच्याकडे. बायको आठवडी बाजारात सुक्सी (सुकी मासळी) विकते, म्हणून समुद्राचा विषय माझ्या घरात शिरला. नाहीतर समुद्र मी जन्मात एकदाच पाहिला, पोराच्या परीक्षेला मुंबईला गेलो होतो तेव्हा. लई पाणी पाहिलं, मासा एक नाही दिसला.

झालं असं. दोन-तीन वर्षांपासून बायको तक्रार करून राहिली की बोंबील आधी वीतभर यायचा, आता बोटाएवढा येते. जवळ्यात कचरा जास्त. भाव मात्र चढताच. नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याला विचारलं तर तो म्हणते, "समुद्रातच माल नाही, मी काय करू?"

आता मागच्या महिन्यात एक माणूस गावात आला. मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. म्हणे हवामान बदललं, समुद्र संपला, यापुढं तलाववाल्यांचे दिवस. तलावात जाळीचे पिंजरे टाका, त्यात पंगॅशियस (खाद्यावर वाढवायचा मासा) सोडा, खाद्य आम्ही देतो, माल आम्हीच उचलतो. अनुदानाचा कागदही आणला होता. सोसायटीतले तरुण एकदम तयार. म्हातारे गप्प. मी सचिव, म्हणून दोन्हीकडून शिव्या मलेच.

माझी अडचण अशी की आमचा तलाव काही धरण नाही. पाणी आधी धानाला, मग माशाला. ऑक्टोबरात तुडूम (पाणी सोडायचं दार) उघडला की पाणी उतरायला लागते, होळीपर्यंत काही जागी ढोरं उभी चालत जातात. पावसाचंही खरं राहिलं नाही. गेल्या साली जुलै सारा कोरडा गेला, मत्स्यबीज टाकता आलं नाही. ऑगस्टात टाकलं तर आठ दिवसांनी एका रात्री असा कोसळला की सांडव्यावरून अर्धं बीज लोकांच्या बांध्यांत. लोकांनी भाजी करून खाल्लं आणि मले सांगितलंही, "मासोळी गोड होती जी."

तर दोन गोष्टी सांगा. समुद्र खरंच संपला काय? आणि संपला असेल तर आम्ही पिंजरे टाकणं शहाणपणाचं काय? सभा पुढच्या रविवारी आहे.

वलांडीवाला (सध्या तुमसर)

दादा, मी मूळचा सातपाटीचा. नोकरीनं इकडे आलो, पण घरी अजून बोट आहे. समुद्र संपला म्हणणाऱ्याला आधी विचारा, कुठला समुद्र, कुठला मासा?

तारलीचं उदाहरण घ्या. केरळात 2012 मध्ये जवळपास 4 लाख टन तारली निघाली. 2021 मध्ये साडेतीन हजार टनसुद्धा नाही. सगळे रडले. पुढच्याच वर्षी ती पुन्हा लाखाच्या वर गेली. पाणी तापलं, एल निनो (प्रशांत महासागर तापून हवामान बिघडतं ते) आला की तारली हलते, अंडी कमी घालते, परत येते. म्हणजे समुद्र संपलेला नाही, त्याचा भरवसा संपला. बोट ज्याच्या नावावर कर्जानं आहे त्याला दोन्ही सारखंच, ही गोष्ट वेगळी.

तुमच्या बोंबलाची गोष्ट मी जास्त सांगू शकतो. बोंबील डोल जाळ्यात (समुद्रात एका जागी बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात) येतो आणि बांबूच्या वलांडीवर टांगून वाळवतात. मीठ लागत नाही, पण कोरडा वारा आणि ऊन लागतं. ते दोन-तीन दिवस नीट मिळाले तरच तुमच्या टोपलीत जातो तसा माल होतो. पूर्वी पाऊस गेला की गेला. आता ऑक्टोबर-नोव्हेंबरची खात्री नाही. 2019 ला क्यार आणि महा अशी दोन वादळं लागोपाठ आली, हंगामाच्या तोंडावर बोटी किनाऱ्याला. डिसेंबर 2021 च्या पहिल्याच दिवशी असा अवकाळी पाऊस झाला की वलांडीवरचा माल कुजून काळा पडला. आमच्या आईनं तो खड्ड्यात पुरला. वास आठवडाभर गेला नाही.

पण सगळा दोष आभाळाला देणं मला पटत नाही. बारीक आसाचं जाळं ओढणारे ट्रॉलर पिल्लंसुद्धा ओरबाडतात, आणि ती पिल्लं जातात मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात. एलईडी दिवे लावून मासे गोळा करायला 2017 पासून बंदी आहे, तरी रात्री समुद्रात बघा, दिवाळी असते. 1 जून ते 31 जुलै बंदी आम्ही पाळतो, मग ऑगस्टात सगळ्यांची घाई. 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला. आमच्या गावात हार घातले, पेढे वाटले. पिल्लू पापलेट मात्र अजूनही बाजारात येतं.

बोट बोट लांबीचा बोंबील तुमच्या बाजारात येतो तो याचमुळे असावा. मोठा होऊच देत नाहीत.

ब्रह्मपुरीची_वहिनी

मी मासे विकत नाही, खाते. भाऊ, एक गोष्ट ध्यानात घ्या. सुक्सी कोण घेते? रोवणीला जाणारी बाई. सकाळी भाकरीसोबत सुक्सी-वांगं किंवा नुसती भाजलेली, दहा-वीस रुपयांत घर होते. पावसाळ्यात ताजी मासोळी मिळतही नाही आणि परवडतही नाही. तुमचा पंगॅशियस नागपूरच्या ढाब्यावर जाईल, तो तिच्या ताटात येणार नाही. म्हणून "सुक्सी महागली म्हणून पिंजरे" हा हिशोबच मला उलटा वाटते.

(सुक्सी डब्यात ठेवताना कडुनिंबाचा पाला घालत जा म्हणावं वहिनींना. अळी लागत नाही.)

प्राणहिताकाठ

सिरोंच्याजवळचा आहे, मत्स्यविज्ञान नागपुरात शिकलो. पिंजऱ्याबद्दल सरळ सांगतो. पिंजऱ्याला उन्हाळ्यातही खोल पाणी लागतं. खाली विष्ठा आणि उरलेलं खाद्य साचतं, ते पसरायला जागा लागते. होळीला ज्या तलावात ढोरं चालतात तिथं पिंजरा म्हणजे मे महिन्यात प्राणवायू संपून एका पहाटे सगळा माल उलटा तरंगताना बघणं. मी एका ठिकाणी बघितलंय. मोठ्या जलाशयात गोष्ट वेगळी.

दुसरं, खाद्य. त्या पिशवीत सोयाबीनची ढेप असते, कोंडा असतो आणि बऱ्याचदा मासळीची भुकटीही. वरती सातपाटीकर ज्या पिल्लांबद्दल बोलले तीच. किलोभर भुकटीला चार-पाच किलो ओली मासळी लागते. म्हणजे समुद्रात मासे कमी झाले म्हणून तलावात मासे वाढवायचे, आणि त्यांना समुद्रातलेच मासे खाऊ घालायचे. पिशवीवर घटक छापलेले असतात, त्या माणसाला वाचून दाखवायला सांगा.

कतला-रोहू-मिरगल हे तलावातलंच खातात, शेणखत-कोंड्यावर निघतात. बीज मात्र जिऱ्याचं (अगदी बारीक पिल्लं) घेऊ नका, बोटुकलीच (बोटाएवढी वाढलेली पिल्लं) घ्या. लहान पिल्लं उशिरा टाकली की सांडव्यावरून जातात, मोठी थोडी टिकतात. सांडव्याला जाळी लावा, पण ती रोज साफ केली नाही तर पाळीला (तलावाच्या बांधाला) धोका. बेशरम (काठावर माजणारं झुडूप) काढून देशी पाणवनस्पती लावल्या तर मरळ, शिंगूर परत येतात. त्यांचा भाव रोहूपेक्षा चांगला. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याचे व्हिडिओ बनत नाहीत.

आणि तुम्ही म्हणता समुद्र एकदाच पाहिला. तुमच्या तलावाचं सांडवलेलं पाणी शेवटी वैनगंगेत, मग प्राणहितेत, आमच्या दारावरून गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागरात. गोदावरीचा मोठा झिंगा आठवतो? त्याची पिल्लं खाऱ्या-गोड्या मिश्र पाण्यातच जगतात. मादी अंडी घेऊन खाली जायची, पिल्लं वर चढून यायची. 1988 ला वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं, नंतर खाली चिचडोह, मेडीगड्डा हे बंधारे. भिंती वाढल्या. गाळही अडला, तो तिकडच्या खाडीला आणि कांदळवनाला मिळायचा. आता तिकडचे लोक किनारा खचतो म्हणून ओरडतात, आणि आमच्याकडं झिंगा नाही.

पाळीवरचा

सगळ्यांचे आभार जी. झिंग्याची गोष्ट वाचून थांबलो. आमचा बाप पवनीला बहिणीकडं गेला की वैनगंगेचा झिंगा आणायचा, कंदिलाच्या काचेएवढा. मी समजत होतो लोकांनी मारून संपवला. तो अंडी घालायला आंध्रात जाते हे मले पन्नाशीत समजलं.

खाद्याच्या पिशवीचा फोटो मागितला त्या माणसाला. दोन दिवस झाले, निळी टिक आली, उत्तर नाही.

रविवारी मी मांडतो की पिंजरे नको, बोटुकलीला पैसे काढू, बेशरम काढायला श्रमदान करू. तरुण पोरं नाराज होतील. त्यातला एक माझाच पोरगा आहे, म्हणून घरी जेवण कसं मिळते ते पाहू.

वलांडीवाले दादा, एक काम होतं. तुमच्या घरून नाहीतर ओळखीतून थेट बोंबील मिळेल काय, मोठा, काळा न पडलेला? मधला व्यापारी टाळला तर बायकोला दोन पैसे सुटतील. वीस किलोपासून घेतो. रेल्वेनं पाठवता येते का, आणि डब्यात वासाची तक्रार होत नाही ना, तेवढं सांगा.

वलांडीवाला (सध्या तुमसर)

वासाची तक्रार होतेच, दादा. आम्ही दुहेरी प्लास्टिक करून वर गोणपाट शिवतो. जानेवारीचा माल चांगला असतो, तोवर थांबा. भावाला विचारून इथंच लिहितो.