१९७९ ची पद्मिनी घरच्या शेडमध्येच दुरुस्त करून पुन्हा चालती करायची आहे, ओरिजिनल ठेवू की मॉडिफाय करू?

उद्यमनगरचा_पोरगा
नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरचा. आजोबांची प्रीमियर पद्मिनी आहे, १९७९ ची, पेट्रोल, स्टिअरिंगवरचा गिअर. मूळचा रंग फिक्कट निळा, आता नक्की कुठला ते सांगता येत नाही. आजोबा गेल्यापासून घरामागच्या शेडमध्येच आहे, कुणी हात लावला नाही, त्यात २०१९ च्या पुरात शेडमध्ये पाणी आलं होतं आणि सीटच्या खालपर्यंत गाडी पाण्यात होती. इंजिन जाम आहे. काचा शाबूत, क्रोमचे बंपर आहेत, ग्रिल आहे, चारी टायर गेलेत.

मी लेथवर काम करतो, गॅस आणि मिग दोन्ही वेल्डिंग येतं, त्यामुळं पत्र्याचं काम घरीच करायचा विचार आहे. प्रश्न असा की इथले एक मेस्त्री म्हणतात जुनं इंजिन सोडून दे, ओम्नीचं इंजिन-गिअरबॉक्स बसवून देतो, पार्ट गल्लोगल्ली मिळतील. माझ्या डोक्यात फ्लोअर गिअर, पुढं डिस्क ब्रेक, एसी, खाली बसवलेलं सस्पेन्शन असं सगळंच फिरतंय. बाबा म्हणतात जशी होती तशी कर नाहीतर भंगारात दे. सुरुवात कुठून करू? आणि इंजिनचं काय करू?

कुर्ला_ते_कोथरूड
भावा आधी इंजिन विसर. खरंच विसर. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, जीप किंवा टेम्पोसारखी खाली लोखंडी फ्रेम आणि वर बॉडी असं काही नसतं, फ्लोअर, दाराखालचे सिल आणि खांब मिळूनच गाडी उभी राहते. म्हणजे पत्रा गेला तर गाडी गेली, इंजिन कितीही चकचकीत केलंस तरी. आणि तुझी पुरात उभी होती म्हणजे गंज आतून आलेला असणार, वरून दिसणार नाही.

एक बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि एक लोहचुंबक घे. मॅट काढ, फेल्ट काढून फेकून दे (ते फेल्ट पाणी धरून ठेवतं, निम्मा गंज त्याच्यामुळंच) आणि ड्रायव्हरच्या पायाखाली टोचून बघ. मग दाराखालचे सिल, जॅक लावायची जागा, मागच्या पाट्यांचे (पाटा स्प्रिंगचे) हँगर जिथं बॉडीला बसतात तो भाग, डिकीचा तळ, बॅटरीखालचा ट्रे आणि पुढच्या काचेच्या रबराखालचा पत्रा. लोहचुंबक जिथं चिकटणार नाही तिथं पुट्टी भरलेली आहे असं समज. पाट्यांच्या हँगरपाशी स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला तर मग बसून विचार कर, कारण तिथला भाग नुसता पॅच मारून चालत नाही, मागचा सगळा भार तिथंच येतो.

सिल बदलायचे असतील तर कापायच्या आधी दाराच्या चौकटीत पाइप किंवा अँगल आडवा टाकून टॅक मार (वेल्डिंगचे नुसते ठिपके), खांबाला खांब. गाडी जॅक स्टँडवर ठेवताना सस्पेन्शनखाली टेकू दे म्हणजे बॉडीवर वजन नेहमीसारखंच राहील. एका वेळी एकच बाजू. दारं लावून फटी मोजून लिहून ठेव, वेल्डिंग झाल्यावर परत मोज. हे न करता सिल कापणारे खूप आहेत, मग दार लागत नाही म्हणून बिजागरी वाकवत बसतात. आणि पाणी निचरायची भोकं बुजवू नकोस, आत एपॉक्सी प्रायमर आणि वरून मेणाचा स्प्रे जाईल एवढं तोंड ठेव.

स्टान्स_सातारा
काका सगळं बरोबर पण एवढं करून शेवटी ४० बीएचपीची गाडी?? खंबाटकी घाटात मागं लाइन लावून चालवायची? माझं मत स्पष्ट आहे, बॉडी करायचीच आहे तर आत चांगलं इंजिन टाक. ओम्नी मात्र नको राव, ७९६ सीसी आहे, पद्मिनीचं १०८९, म्हणजे पैसे घालून गाडी हळू करायची. टाकायचंच तर प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं टाक, निस्सानचं ए१२, ११७१ सीसी, तेही मागच्या चाकावर चालणारंच. माउंटिंग बनवावं लागेल आणि प्रॉपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करावा लागेल, पण तू लेथवाला आहेस, तुला काय अवघड. फ्लोअर गिअर तर कंपनीनंच शेवटच्या काळात एस-वन मॉडेलला दिला होता मग आपण केला तर पाप का? लो कर, रुंद टायर टाक, मॅट रंग. लोक वळून बघतील.

कुर्ला_ते_कोथरूड
वळून तर बघतीलच, बंद पडल्यावर जास्त बघतात 😄

आरटीओ_ताई
मी कागदपत्रांचं काम करते म्हणून त्या बाजूनं लिहिते, कारण इथं सगळे इंजिनवर बोलतात आणि आरसीवर कुणी बोलत नाही.

दादा, पहिली गोष्ट, गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या, त्याला फॉर्म ३१ लागतो, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. आत्या-काका सगळे आत्ता गोड बोलतायत तोवर सह्या घेऊन टाका, गाडी चकाचक झाल्यावर प्रत्येकाला ती आठवते. मग फॉर्म २५ भरून रजिस्ट्रेशन रिन्यू, गाडी आरटीओत प्रत्यक्ष दाखवावी लागते. रिन्यूवल एका वेळी ५ वर्षांचं होतं. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींची फी १०,००० केलीय, शिवाय पर्यावरण कर, उशिराचा दंड, इन्शुरन्स, पीयूसी आणि नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट. हे बजेटमध्ये धरा, पेंटवाल्याला सगळे देऊन मोकळे होऊ नका.

आता इंजिन. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीत असा बदल करायचा नाही की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा होईल. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही यावर निकाल दिलाय. आरसीवर इंजिन नंबर आणि सीसी असतं, तपासणीला बॉनेट उघडायला सांगतात. मेस्त्री इंजिन बसवून देतील हो, पण उद्या अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्यानं इंजिन नंबर जुळवला तर मेस्त्री येणार नाहीत.

आणि अजून एक, जे खरं म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं. २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नोंदणी १० वर्षांची. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चॅसी, बॉडी शेल, इंजिन यात बदल नको. तुमची १९७९ ची म्हणजे २०२९ मध्ये ५० होतात. फार लांब नाही. आत्ता ओम्नीचं इंजिन टाकलंत तर तो रस्ता बंद. अर्थात व्हिंटेज नोंदणीवर रोज ऑफिसला जाता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची, त्यामुळं तेव्हा घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण पर्याय तरी हातात राहू दे.

उद्यमनगरचा_पोरगा
ताई हे माहीतच नव्हतं, बाबांना वाचून दाखवलं, ते लई खूश झाले (नको तेवढे).

काकांनी सांगितलं तसं काल टोचून बघितलं. उजवा सिल संपलाय, पुढचं फ्लोअर दोन्ही बाजूनं चाळणी, डिकीत स्टेपनीच्या जागी भोक आहे. पण पाट्यांचे हँगर घट्ट आहेत आणि डावा सिल वाचेल असं वाटतं. इंजिनचा डिपस्टिक काढला तर तेलाऐवजी ताकासारखं काहीतरी आलं. आता?

कुर्ला_ते_कोथरूड
हँगर घट्ट म्हणजे जिंकलास. गाडी करण्यासारखी आहे.

ताक म्हणजे तेलात पाणी. सगळं काढून टाक, इंजिनचं, गिअरबॉक्सचं आणि डिफरन्शिअलचंही, तिथंही पाणी असणारच. स्टार्टर अजिबात मारू नकोस. प्लग काढ, चारी सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिसळून ओत, थोडे दिवस राहू दे, मधेमधे परत ओत. मग टॉप गिअर टाकून गाडी हळूच मागंपुढं हलवून बघ. सुटलं तर हेड उतरव, नाही सुटलं तरी हेड उतरवायचंच आहे. बोअर ६८ मिमीचा आहे, गंजाचे खड्डे असतील तर ओव्हरसाइज पिस्टन, फारच खोल असेल तर स्लीव्ह घालून परत स्टँडर्ड. आणि तू राहतोस कुठं, उद्यमनगरात! बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट कटिंग, सगळं तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. लोक मुंबई-पुण्याहून कामं पाठवतात तिथं. असं असताना दुसरं इंजिन शोधत फिरणं हा अपमान आहे.

हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे सीट हार्ड मटेरिअलचे घालून घे. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं, शिसं सीटला जपायचं, ते २००० साली देशभर बंद झालं. आणि आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल जुन्या रबराला खातं, टाकीत पाणी धरतं. म्हणून फ्युएल पंपचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरचं किट, सगळे पेट्रोलचे पाइप नवीन घाल आणि दुकानात इथेनॉलला चालणारे मागून घे, स्वस्तातला काळा पाइप नको, तो आतून सुटून जेटमध्ये जातो. ई-२० वर मिक्स्चर पातळ होतं (हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं), मेन जेट किंचित मोठा करून प्लगचा रंग बघत बसव. टाकी उतरवून आतून साफ कर, पुराचा गाळ असेल.

आता मॉडिफायचं, कारण मी काही पूर्ण विरोधात नाही. परत काढता येईल असं काहीही कर. डायनॅमो असेल तर काढून मारुती ८०० चा अल्टरनेटर, ब्रॅकेट तू स्वतः बनवशील. हेडलाइटला रिले, कारण मूळ वायरिंगमध्ये सगळा करंट स्विचमधून फिरून येतो म्हणून दिवे मिणमिणते, रिले टाकला की तोच बल्ब दणक्यात पेटतो. वायरिंग तशीही पूर्ण नवीन कर, पुरातलं जुनं वायरिंग म्हणजे आग लागायची वाट बघणं, आणि मूळ गाडीत फ्यूज मोजकेच, दोन-चार जास्त टाक. रेडियल टायर, १४ इंची रिम आहे त्यामुळं अडचण येत नाही. सीटबेल्ट. पॉइंट-कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन, जुने पॉइंट डिकीत ठेवून दे. हे सगळं एका दिवसात उलट करता येतं.

स्टान्स_सातारा
आणि डिस्क? तेवढं तरी मान्य करा काका. चारी ड्रम आहेत हो.

कुर्ला_ते_कोथरूड
डिस्कला माझा विरोध नाही, घाईला आहे. आधी आहेत ते ड्रम नीट कर. ड्रम टर्न करून घे, नवीन लायनिंग, व्हील सिलिंडर चारीच्या चारी नवीन, पाइप नवीन, ॲडजस्टमेंट नीट. नीट केलेली पद्मिनी तिच्या वेगाला थांबते. ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच टाकीचा असेल तर मात्र तो ड्युअल सर्किटचा (ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइनचा) कर, कारण एक पाइप फुटला की पाय थेट फळीला. तो खरा धोका आहे, डिस्क नसणं नाही. नंतर पुढं डिस्क घालायचीच झाली तर बोल्टवर बसणारं ब्रॅकेट कर, चाक ज्यावर बसतं तो स्टब कापू नकोस.

लो मात्र करू नकोस बाबा. कोल्हापूरचे स्पीडब्रेकर तू बघतोस रोज.

स्टान्स_सातारा
🙏 एसी?

कुर्ला_ते_कोथरूड
काच खाली कर आणि पुढची छोटी त्रिकोणी काच वळव, येतं वारं. नाहीतर अल्टरनेटर, मोठा रेडिएटर, फॅन असं करत जायचं आणि घाटात एसी बंदच करायचा.

फ्लोअर गिअरचं राहिलं. कॉलम गिअर खराब नसतो रे, लिंकेजचे बुश झिजलेले असतात म्हणून तो सापडत नाही, लोकांना वाटतं सिस्टिमच वाईट. तू लेथवर नायलॉनचे किंवा गनमेटलचे बुश काढ, संध्याकाळचं काम आहे. फर्स्टला सिंक्रो (गिअर अलगद पडावा म्हणून असतो तो) नसतो, गाडी पूर्ण थांबल्यावरच टाक, खरखर झाली तर गिअरबॉक्सला शिव्या देऊ नकोस.

उद्यमनगरचा_पोरगा
ठरलं मग, उजवा सिल आधी, इंजिन सुटलं तर मूळचंच, ओम्नीवाल्या मेस्त्रींना नाही सांगतो. सिल १८ गेजचा वाकवून घेऊ की २० चालेल? आणि काचांची रबरं, दाराची बीडिंग, टेललाइटच्या काचा वगैरे कुठं बघू, इथं दोन दुकानं पालथी घातली.

कुर्ला_ते_कोथरूड
सिलला १८, फ्लोअरला २० चालेल, सीआर (कोल्ड रोल्ड) शीट घे. पुण्याला आलास तर नाना पेठ, आणि रविवार असेल तर जुना बाजार. मुंबईत ऑपेरा हाउसची स्पेअरची दुकानं आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली त्यामुळं टॅक्सीवाल्यांकडचा माल संपत चाललाय, टेललाइटच्या काचा दिसल्या की लगेच घे, घासाघीस करत बसू नकोस. जुनं रबर मात्र सोबत ने, नुसतं पद्मिनीचं द्या म्हटलंस तर डुक्कर फियाटचं (पद्मिनीच्या आधीची जुनी गोलमटोल फियाट) हातात देतील.

आरटीओ_ताई
आणि जाताना चॅसी नंबरचा फोटो आणि खडूचा ठसा घेऊन ठेवा दादा, रंग मारायच्या आधी. पेंटवाले त्यावर पुट्टी ओढतात आणि मग तपासणीला नंबर वाचता येत नाही.