वालावर मावा दिसला की लगेच फवारायचं का?

मुरबाडकर
भात कापल्यावर अंगओलीवर पेरलेले वाल आमच्याकडे फुलावर आलेत. मळभ धरलंय, कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, चढलाय आणि गावात जो तो पंप पाठीला लावून निघालाय. माझं म्हणणं, थांबा. आधी शेंडा उलटून बघा. मावा खाणाऱ्या ढालकिड्याची (लेडीबर्ड) पिल्लं काळी, लांबुळकी, नारिंगी ठिपक्यांची असतात. कीड समजून लोक तीच चिरडतात. सिरफिड माशीची बिनपायाची अळी माव्यातच पडून असते आणि मावाच खाते. काही मावा फुगून तपकिरी, कडक झालेला दिसला तर त्याच्या पोटात परजीवी माशी वाढतेय असं समजा. सरसकट मारणारं औषध मारलं की हे सगळे जातात. मग मावा आठवड्याभरात पुन्हा भरतो आणि ढालकिड्याला अंड्यापासून भुंगा व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात. त्या मधल्या काळात रान राखायला कोणीच नसतं.

शहापूरचा शेतकरी
दादा, तुमचाच हिशेब तुमच्यावर उलटतो. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं टाकते आणि ती पिल्लं आठवडाभरात स्वतः वीत सुटतात. ढालकिडा येतो तो मावा वाढल्यावर, म्हणजे कायम मागेच. त्यात पहाटेचा गारठा. थंडीत मित्रकिडे मंदावतात, मावा चालूच राहतो. तोवर फुलं गळली तर शेंग कशाला धरणार? आणि मावा एक वेळ परवडला, शेंगा पोखरणारी अळी नाही परवडत. ढगाळ हवेत तिचा जोर वाढतो, एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते. अळी शेंगेत शिरली की तिथे ना औषध पोचतं ना पक्षी. ज्याच्या घरात हा एवढाच रब्बीचा पैसा येतो त्याला ‘थांबा’ सांगणं सोपं आहे.

नेरूळची गच्ची
आमची कुंडीतली चवळी माव्याने चिकट झाली आहे आणि वेलावर मुंग्यांची रांग लागली आहे. ढालकिडे येतात आणि निघून जातात. काय करू?

कल्याणची कृषी पदवीधर
ताई, आधी मुंग्या रोखा. माव्याचा गोड चिकटा खायला मिळतो म्हणून त्या मावा राखतात आणि ढालकिड्याला हुसकतात. पाण्याची जोरदार धार मारून मावा खाली पाडा. शेतात जोराची सर हेच काम करते, आणि सततच्या दमट हवेत बुरशी लागूनही मावा मरतो. म्हणून मळभ म्हटलं की नुकसानच, असं धरून चालू नका. मात्र चवळीची पानं चट्टेपट्टे पडून आकसली असतील तर तो विषाणू आहे. मावा काही क्षणांत तो पसरवतो, तेवढ्यात ढालकिडाही कामाचा नाही आणि फवाराही नाही. ते रोप उपटा, त्याचं बी ठेवू नका.

शहापूरच्या दादांचं अळीबद्दलचं म्हणणं मला पटतं. पण त्यासाठी रोज आभाळ बघण्यापेक्षा हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे) लावून त्या अळीचे पतंग मोजा. पक्षीथांबे रोवा, कोतवाल आणि मैना उघड्यावरच्या अळ्या टिपतात. अळी लहान आहे तोवर एचएएनपीव्ही हा फक्त अळीला मारणारा विषाणू संध्याकाळी फवारा. उन्हात तो निकामी होतो, मित्रकिड्यांना मात्र धक्का लावत नाही. आणि ट्रायकोकार्ड, म्हणजे किडीची अंडी मारणारी बारीक परजीवी माशी शेतात सोडायचं कार्ड, सगळीकडे चालतं हा समज सोडा. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबेमुळे (आंबट स्राव) आणि केसांमुळे ती बारीक माशी तिथे नीट काम करत नाही. तिथे कॅम्पोलेटिस ही दुसरी परजीवी माशी लहान अळ्या मारते, आणि आपल्या फवाऱ्याने आधी तीच मरते.

मुरबाडकर
सापळ्याशी मी सहमत. पण माव्यावर माझा मुद्दा कायम आहे. शेंड्यावर मित्रकिडे दिसत असतील तर फार तर 5 टक्के निंबोळी अर्क, त्यापुढे नाही.

शहापूरचा शेतकरी
बांधाकडच्या चार ओळी तुमच्या म्हणण्याप्रमाणे सोडतो. बाकीच्या उद्या सकाळी फवारणार. आणि त्या चार ओळींत मावा फुलांच्या दांड्यावर चढला तर त्याही फवारणार, तेव्हा मला अडवू नका.