प्रोग्रॅम दर वेळी एकाच ठिकाणी बंद पडतो. हार्ड डिस्क गेली का?

दादरची_पानं:
दादरला डीटीपीच्या ऑफिसातला डेस्कटॉप आहे. विंडोज १०, ८ जीबी रॅम, १ टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क. पानं लावायचा प्रोग्रॅम नीट उघडतो, पण एक्स्पोर्टवर क्लिक केलं की दहा-पंधरा सेकंद सगळं गोठतं आणि प्रोग्रॅम बंद होतो. काढून पुन्हा इन्स्टॉल केला. दोन दिवस चालला, आता दुसऱ्याच मेनूवर तेच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची एररची नोंदवही) एरर कोड सी००००००६ आहे. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळा रंग, म्हणजे इशारा, दाखवतंय: ०५ समोर १०, सी५ समोर ३८, सी६ समोर ३८, सी७ समोर ०. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) 'आर' लावून, म्हणजे खराब जागा शोधायला सांगून, रात्रभर ठेवू का? दिवाळी अंकाची पानं याच डिस्कवर आहेत, बॅकअप महिन्यापूर्वीचा.

सेक्टर_५१२:
चेकडिस्क लावू नका. मशीन आत्ता बंद करा आणि त्या डिस्कवरून विंडोज पुन्हा सुरू करू नका. विंडोज चालू असलं की पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा), अपडेट, लॉग असं काहीबाही सतत लिहीत राहतं.

आकडे आधी नीट वाचू. क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे (रॉ व्हॅल्यू) मुळात हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजून, दाखवतं. तुमचे ३८ म्हणजे ५६, आणि १० म्हणजे १६. म्हणजे १६ सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) डिस्कनं आधीच बदलून घेतलेत, ते ०५, आणि ५६ वाचता येत नाहीत म्हणून ताटकळलेत, ते सी५ आणि सी६. (४०९६ बाइटचे सेक्टर असलेल्या बऱ्याच डिस्कवर हा आकडा आठाआठानं वाढतो. तसं असेल तर प्रत्यक्षात ७ जागा खराब आहेत.)

प्रोग्रॅम ठरावीक जागीच का पडतो? विंडोज प्रोग्रॅमची अख्खी फाइल (एक्सई किंवा डीएलएल) एकदम रॅममध्ये आणत नाही. कोडचा जो भाग लागेल तो त्या वेळी डिस्कवरून उचलतं. एक्स्पोर्टचा कोड खराब सेक्टरवर असला की डिस्क तोच सेक्टर परत परत वाचून बघते. तेच तुमचे दहा-पंधरा सेकंद. शेवटी डिस्क हात टेकते, प्रोग्रॅमला पुढचा कोड मिळत नाही, विंडोज तो बंद करतं. सी००००००६ चा अर्थ हाच. इन्स्टॉल पुन्हा केल्यावर फाइल दुसऱ्या जागी लिहिल्या गेल्या, म्हणून दोन दिवस बरे गेले.

चेकडिस्क 'आर' अख्खी डिस्क वाचत बसतं आणि मूळ डिस्कवरच दुरुस्ती लिहितं. आधीच आजारी असलेल्या डिस्कला तासन्‌तास राबवायचं, आणि चुकलं तर मागे यायला वाट नाही.

केबल_आधी:
सी७ म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका. तो शून्य आहे, म्हणून केबलवर संशय नको. तो आकडा वाढत असता तर साटा केबल बदलून बघा असं सांगितलं असतं. तो कधी कमी होत नाही, फक्त वाढतोय का एवढंच बघायचं. खात्रीसाठी सिस्टम लॉगमध्ये 'डिस्क' या सोर्सची ७ नंबरची नोंद शोधा, ती बॅड ब्लॉकची. ॲप्लिकेशन लॉगमध्ये १००५ असेल तर न वाचता आलेल्या फाइलचं नावही मिळतं. हे मात्र कॉपी झाल्यावर, नव्या डिस्कवरून बघा.

दादरची_पानं:
बंद केलं. अंकाचा फोल्डर साधारण ४० जीबी आहे. आधी तो काढू की पूर्ण क्लोन (डिस्कची हुबेहूब नक्कल) करू? आणि नवीन डिस्क कोणती?

सेक्टर_५१२:
आधी फोल्डर. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडा आणि रोबोकॉपीनं (विंडोजची फाइल कॉपी करायची कमांड) उचला. 'आर' (किती वेळा पुन्हा प्रयत्न) आणि 'डब्ल्यू' (मध्ये किती सेकंद थांबायचं) दोन्ही १ ठेवा. तसंच सोडलं तर एका फाइलसाठी ते १० लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. एकाच खराब फाइलवर अडकून बसेल.

मग लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (मशीन त्यावरूनच सुरू होतं) डीडीरेस्क्यू, म्हणजे खराब डिस्कची नक्कल काढणारा प्रोग्रॅम. पहिली फेरी 'एन' देऊन, म्हणजे सोपा भाग आधी हाती येतो. दुसरी फेरी 'आर३' देऊन, म्हणजे राहिलेल्या जागा तीनदा पुन्हा वाचून बघतं. मॅपफाइल (काय वाचून झालं याची नोंद) तिसऱ्याच डिस्कवर ठेवा, ती असेल तर मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे चालतं. कोणती जुनी, कोणती नवी हे सीरियल नंबर वाचूनच ठरवा. उलट झालं तर सगळी पानं पुसली जातील. डिस्कमधून टकटक आवाज आला तर तिथेच थांबा, ते काम डेटा रिकव्हरीवाल्याचं.

क्लोन झाल्यावर नव्या डिस्कवर चेकडिस्क 'एफ' (फाइलींच्या रचनेतल्या चुका दुरुस्त करायला), मग विंडोजच्याच फाइल दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड, डीआयएसएम रिस्टोअरहेल्थ आणि एसएफसी स्कॅननाऊ, आणि शेवटी प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल. न वाचलेल्या जागा क्लोनमध्येही रिकाम्याच राहतात, म्हणून अंकाचं प्रत्येक पान उघडून डोळ्यांखालून घाला. फाइल उघडली म्हणजे शाबूत आहे असं धरू नका. फोटोच्या मधोमध करडा पट्टा सापडू शकतो.

केबल_आधी:
१ टीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घ्या, सोबत ती साडेतीन इंची जागेत बसवायला अडीच इंचीचा ब्रॅकेट. क्लोनसाठी नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच हवी. लॅमिंग्टन रोडवरून आणणार असाल तर सील बघा आणि दुकानातच सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी तपासा. घरी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क किती तास चालली, ते बघा. नव्या डिस्कवर शेकडो तास दिसले तर ती वापरलेली आहे, लगेच परत करा. बॅकअपसाठी वेगळी यूएसबी डिस्क घ्या आणि कॉपी झाली की काढून ठेवा.

दादरची_पानं:
फोल्डर आला. ३ फाइल सोडून सगळं. त्या तीनपैकी दोन महिन्यापूर्वीच्या बॅकअपमध्ये आहेत. आता डीडीरेस्क्यूची पहिली फेरी लावतोय.