मुलांच्या संगीतशिक्षणासाठी कंपन्यांनी वाद्ये द्यावीत की शिक्षकाचा पगार?

मूळ मत
संगीतशिक्षणासाठी कंपन्यांची देणगी बहुधा वाद्यांच्या रूपात येते, कारण वाद्ये मोजता येतात आणि वार्षिक अहवालात त्यांचा आकडा छापता येतो. मी शिकवत होते त्या शाळेला अशीच १२ व्हायोलिन मिळाली. शिकवणाऱ्याचे मानधन वर्षभरात संपले आणि दोन वर्षांनी कपाट उघडले तेव्हा चारांच्या तारा तुटलेल्या होत्या, गजांचे केस सुटले होते आणि ज्या मुलांसाठी अर्ध्या मापाची वाद्ये घेतली होती, त्यांना आता पाऊण मापाची लागत होती. कंपन्यांनी आधी शिक्षकाचा पगार द्यावा, तोही किमान पाच वर्षे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १
आपला अनुभव पटतो, निष्कर्ष पटत नाही. पगार कंपनीवर सोपवला, तर नफा घटलेल्या वर्षी पहिली कुऱ्हाड त्यावरच पडेल. कॅलिफोर्नियात १९७८ साली मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन १३’ या प्रस्तावाने, शाळांचा मोठा आधार असलेल्या मालमत्ता करावर मर्यादा आणली, शाळांचा निधी आटला आणि अनेक ठिकाणी संगीताच्या तासांवर गदा आली. अशी उणीव देणग्यांनी भरायची म्हटले, तर ज्या शाळेच्या पालकांची वर ओळख आहे तिथेच संगीत उरेल. याउलट व्हेनेझुएलात होसे आंतोनिओ आब्रेउ यांनी १९७५ मध्ये सुरू केलेली ‘एल सिस्तेमा’ ही मुलांच्या वाद्यवृंदांची चळवळ अनेक सरकारे बदलूनही टिकली, ती मुख्यतः सरकारी पैशावर.

प्रतिसाद २
त्याच ‘एल सिस्तेमा’वर सत्तेच्या फार जवळ गेल्याची टीकाही झाली आहे, हे विसरू नये. शिवाय धोरण ठरेपर्यंत सात वर्षांचे मूल सतरा वर्षांचे होते, आणि त्याचे हुकलेले तास कोणीही परत देत नाही. अमेरिकेत ‘व्हीएच-१’ या संगीतवाहिनीने १९९७ मध्ये सुरू केलेली ‘सेव्ह द म्युझिक’ ही संस्था सरकारी शाळांना वाद्ये देते, पण शाळेने स्वतःचा संगीतशिक्षक नेमलेला असावा असा तिचा आग्रह असतो. दाता आणि शाळा दोघेही त्यात बांधले जातात.

मूळ लेखिकेचे उत्तर
ही अट मला माझ्या मूळ सूचनेपेक्षा बरी वाटते. मात्र ज्या शाळेला शिक्षक नेमणे परवडतच नाही, ती या अटीमुळे दाराबाहेरच राहते, आणि गरज तिलाच सर्वाधिक असते. अशा शाळेत कंपनीने पहिली तीन वर्षे पगार द्यावा, पुढे शिक्षणखात्याने ते पद आपल्याकडे घ्यावे, आणि हे वाद्ये येण्यापूर्वी लेखी ठरावे. दुरुस्तीचा खर्चही त्याच करारात हवा.

प्रतिसाद १
खात्याने चौथ्या वर्षी हात वर केले, तर जाब कोणी कोणाला विचारायचा, हे करारात आले तरच मी यास तयार आहे.