बुद्धांचा काळ: ४८३ हे साल आलं कुठून?

कोणीतरी लिहिलंय की ‘बुद्धांची इ.स.पू. ५६३ ते ४८३ ही सनावळ शिलालेखांतून सिद्ध झाली आहे.’ तसं नाही. शिलालेखांनी पक्का होतो तो अशोकाचा काळ. त्याच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक, तुरमाय, अंतिकिनी, मक आणि अलिकसुदर हे पाच ग्रीक राजे येतात. हे पाचही एकाच वेळी हयात असण्याचा काळ अगदी थोडा, त्यावरून अशोकाचा राज्याभिषेक इ.स.पू. २६८ च्या आसपास बसतो. इथपर्यंत जमीन भक्कम आहे.

पुढची सगळी वजाबाकी ग्रंथांवर चालते आणि घोळ तिथेच होतो. दीपवंस-महावंस या श्रीलंकेतल्या पाली इतिहासग्रंथांत परिनिर्वाणानंतर, म्हणजे बुद्धांच्या मृत्यूनंतर, अशोकाच्या अभिषेकापर्यंत २१८ वर्षं गेली. उत्तरेकडच्या संस्कृत-चिनी परंपरेत जेमतेम १००. म्हणजे एका हिशेबाने परिनिर्वाण ४८६ च्या सुमारास, दुसऱ्याने ३६८ च्या. अभिषेकाचं साल दोन-तीन वर्षं इकडेतिकडे धरलं की ४८३ येतं, आणि त्यात ८० वर्षांचं आयुष्य मिळवलं की ५६३. लुंबिनीचा अशोकस्तंभही यात मदतीला येत नाही. अभिषेकानंतर २० वर्षांनी राजा स्वतः आला, शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले, असं तो सांगतो. स्थळासाठी तो फार मोलाचा पुरावा आहे, पण जन्मसालाबद्दल त्यात एक अक्षर नाही.