विषय: अब्दुल अली मझारी यांच्या स्मृतिसभेचे निमंत्रण

काका, सप्रेम नमस्कार.
मेलबर्नच्या डँडेनाँग उपनगरातील हजारा (अफगाणिस्तानातील, प्रामुख्याने शियापंथी समाज) शेजाऱ्यांनी मार्चमधील स्मृतिसभेचे दिलेले निमंत्रण आपण ई-मेल यादीवर पाठवलेत. काबूलच्या यादवीतील एका सशस्त्र गटाच्या प्रमुखाला आपण आदरांजली का वाहावी, असे काही सदस्य विचारत आहेत. आपण यावर सर्वांसाठी लिहावे, ही विनंती.

————

ताई, नमस्कार.
प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर 1890 च्या दशकापासून द्यावे लागते. अफगाणिस्तानचा शासक अमीर अब्दुर रहमान खानाने 1891 ते 1893 या काळात हजारांचे बंड मोडून काढले, तेव्हा असंख्य लोक मारले गेले, हजारोंना गुलाम म्हणून विकले गेले आणि त्यांच्या जमिनी व कुरणे इतरांना वाटून देण्यात आली. त्यानंतर कित्येक दशके काबूलमध्ये हजारा माणूस म्हणजे हमाल किंवा घरगडी, हेच समीकरण राहिले.

मझारी बल्ख प्रांतातील चारकिंतचे. सोव्हिएत सैन्य परतले त्याच वर्षी, म्हणजे 1989 मध्ये, आपापसांत लढून थकलेले शिया गट बामियानमध्ये एकत्र आले आणि त्यातून हिज्ब-ए-वहदत हा पक्ष उभा राहिला. मझारी त्याचे नेते झाले. त्यांची मागणी स्पष्ट होती: सत्तेत हजारांना त्यांच्या संख्येनुसार वाटा मिळावा, शियांच्या जाफरी धर्मशास्त्राला मान्यता मिळावी, देशाची रचना संघराज्याची असावी आणि हजारा असणे हा यापुढे गुन्हा ठरू नये. या शेवटच्या मागणीमुळेच सामान्य हजारा त्यांना ‘बाबा’ म्हणू लागला, असे मला वाटते.

आता सदस्यांच्या आक्षेपाकडे येतो. 1992 नंतर पश्चिम काबूलमध्ये वहदतच्या माणसांनी पश्तून आणि ताजिक नागरिकांचे अपहरण केले, काहींना ठार मारले, आणि नेता म्हणून त्याची जबाबदारी मझारींवर येतेच. त्याच शहरात फेब्रुवारी 1993 मध्ये सरकारी बाजूचे सेनानी अहमद शाह मसूद आणि त्यांच्या बाजूने लढणारे गटप्रमुख सय्याफ यांच्या फौजांनी अफशार वस्तीवर हल्ला केला, त्यात अनेक हजारा नागरिक मारले गेले किंवा कायमचे बेपत्ता झाले. एका अत्याचाराने दुसरा फिटत नाही; दोन्ही सांगितले पाहिजेत.

मार्च 1995 मध्ये मसूदच्या फौजांचा वेढा आवळत असताना मझारींनी तालिबानशी समझोता केला, तालिबानने मात्र त्यांना चारअसियाब येथे पकडून ठार केले. त्यांचा मृतदेह अनुयायांनी गझनीहून बर्फाच्छादित हजाराजात ओलांडून, बराचसा प्रवास पायी करत, मझार-ए-शरीफला नेला. पुढे 2004 च्या राज्यघटनेत कलम 131 नुसार शियांच्या कौटुंबिक बाबींसाठी त्यांच्या धर्मशास्त्राला मान्यता मिळाली. मझारींच्या हयातीत ज्या मागणीसाठी रक्त सांडले, ती अशी कायद्याच्या एका कलमात उतरली. 2016 मध्ये राष्ट्राध्यक्ष घनी यांनी त्यांना राष्ट्रीय एकतेचे हुतात्मा ही उपाधी दिली.

मार्च 2020 मध्ये काबूलमधील त्यांच्या स्मृतिसभेवरच गोळीबार होऊन कित्येक लोक मारले गेले आणि ऑगस्ट 2021 मध्ये बामियानमधील त्यांचा पुतळा तालिबानने उडवून दिला. आज ज्यांना मायदेशी ही सभा मोकळेपणाने घेता येत नाही, ते ती येथे घेत आहेत. मी जाणार आहे, आणि संधी मिळाली तर अफशारइतकेच वहदतच्या अपहरणांविषयीही तेथील ज्येष्ठांशी बोलणार आहे. ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी मला कळवावे.