'रिजेक्ट' म्हटलं की नकार सभ्य होतो का?

पऱ्हाटीवाला
आमच्या यवतमाळकडे 'रिजेक्ट' हा शब्द आधी कापसाला लागला. हमीभावाच्या केंद्रावर ग्रेडर गाडीतल्या कापसात मीटर खुपसतो. ओलावा ८ टक्क्यांच्या आत असला तर पूर्ण भाव, तिथून १२ पर्यंत कपात, १२ च्या वर गेला की गाडी रिजेक्ट. तिथं निदान मीटरवरचा आकडा तरी दिसतो.

आता हाच शब्द पोरांना लागू लागलाय. गावातल्या एका पोराचं स्थळ परवा मोडलं. सहा एकर ओलीत, पोरगा बीएस्सी अ‍ॅग्री, व्यसन नाही. मध्यस्थाचा व्हॉट्सअ‍ॅप आला, 'बायोडाटा रिजेक्ट'. फोन नाही, कारण नाही. बापाजवळ चष्मा नव्हता, म्हणून मलाच वाचून दाखवावा लागला.

रिजेक्ट, इग्नोर, ब्लॉक, कॅन्सल. या शब्दांनी नकार देणारा मोकळा सुटतो. 'आम्हाला तुमचा मुलगा पसंत नाही' या वाक्यात 'आम्हाला' तरी आहे. त्या मेसेजमध्ये कोणीच नव्हतं.

अकोटकर भौ
बाप्पा, मराठीत तरी कोनं जबाबदारी घेतली? 'पत्रिका जुळत नाई', 'पोरगी आणखी शिकतो म्हन्ते', 'घरी इचारून कळवतो'. माह्या चुलतभावाले 'कळवतो' म्हनून दिवाळीपासून होळीलोक टांगून ठेवलं. मंग एक दिवस त्याच पोरीच्या लग्नाची पत्रिका घरी आली, तेही सहकुटुंब आमंत्रनाची! त्यापेक्षा रिजेक्ट बरं. मानूस दुसरी पोरगी पाहाले मोकळा.

वर्धेची
मी नकार देणाऱ्या बाजूची आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आमच्या घरात आजीपर्यंत 'मुलगी दाखवली', 'मुलगी पाहून गेले', 'पसंत पडली', 'नापसंत केली' असंच बोलत. पसंत-नापसंत करणारा नेहमी पलीकडचा. पोह्यांच्या बश्या उचलत 'मला हा मुलगा नको' म्हटलं, तर 'तोंड वर करून बोलते' हे ठरलेलं. मी 'मी रिजेक्ट केला' म्हणाले तेव्हा काका हसले, आई गप्प बसली, विषय तिथंच मिटला. इंग्रजी शब्द वापरला की आमच्याकडे मुलीचा उद्धटपणा मोजत नाहीत, कोण जाणे का.

आणि शेती आहे म्हणून नाकारला नव्हता. लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल, हे त्याच्या आत्यानं पहिल्या चहातच सांगितलं होतं.

पऱ्हाटीवाला
ताई, तुम्ही 'मी रिजेक्ट केला' म्हणालात. माझं भांडण त्या 'मी' च्या गायब होण्याशी आहे, तुमच्या नकाराशी नाही.

जुना मास्तर
इंग्रजीतले सगळेच शब्द असे बिनचेहऱ्याचे नसतात. 'बॉयकॉट' हे तर माणसाचं आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडातल्या मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी. १८८० मध्ये कुळांनी खंड कमी करून मागितला. ते फिसकटलं आणि कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा निघाल्या. मग गावानं त्याचं कामच सोडलं. मजूर जाईना, दुकानदार माल देईना. पीक काढायला बाहेरून माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला सैन्य.

तिथं बळ कुळांचं होतं. आपल्याकडे वाळीत टाकतात ते बहुधा वरून खाली, पंच मिळून एका घराला. २०१६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात सामाजिक बहिष्काराला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. दोन्ही गोष्टींना आपण सरसकट बॉयकॉट म्हणतो, ते मला खटकतं.

जाता जाता, नोकरीवरून काढताना आपण नारळ देतो, इंग्रज 'सॅक' म्हणजे पोतं देतात. कारागिरानं त्यात आपली हत्यारं भरून चालू पडायचं, असं त्याचं मूळ सांगतात.

अकोटकर भौ
मास्तर, इथं पोट्ट्याच्या लग्नाचं चालू हाये. तुम्ही आयर्लंडात जाऊन पोचले!

मोर्शीचा संत्रेवाला
शब्दावरून काय भांडता राजेहो. बारमाही पाणी असलेल्या बागायतदाराच्या पोरालाही आता मुलगी मिळत नाही, आणि तालुक्याला महिन्याच्या पगारावर कारकून असलेल्याचं लगेच जमतं. मुलीच्या बापानं स्वतः शेती केलेली असते, बोंडअळीचं वर्ष पाहिलेलं असतं. तो शुद्ध मराठीत बोलला असता तरी नाहीच म्हणाला असता. रिजेक्ट झालेला कापूस घरी आणून वाळवता येतो, नाहीतर व्यापारी पडत्या भावात घेतो. पोराला काय उन्हात वाळत घालायचं?

तरी कारण सांगायला हवं होतं, एवढं मी धागाकर्त्याच्या बाजूनं म्हणेन.

वर्धेची
कारण अजिबात सांगू नये. सांगितलं की समजूत घालायला माणसं येतात. 'नोकरी सोडायला लावणार नाही, लिहून देतो' म्हणत त्या मुलाचे मामा आमच्या ओसरीवर दुपारभर बसले होते, सोबत गावच्या माजी सरपंचांना घेऊन. बाबांना त्यांच्यासमोर बोलता येईना. मध्यस्थानं मेसेजऐवजी फोन करावा, मान्य. स्वतःच्या तोंडानं 'त्यांना नको आहे' म्हणावं, तेही मान्य. त्यापुढे 'का' विचारू नका.

पऱ्हाटीवाला
फोनच मागतोय मी. त्या मध्यस्थानं स्थळ आणलं तेव्हा तीनदा घरी येऊन जेवून गेला होता.